दुखणं थांबेपर्यंत सगळंच थांबवायचं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी 49 वर्षांचा आहे. नोकरी बैठी. चार वर्षांपूर्वी कंबर धरली, ती अजून सुटलेली नाही. एमआरआयमध्ये मणक्यातल्या एका गादीला थोडा फुगवटा दिसतो, पण ऑपरेशनची गरज नाही, असं दोन डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या, पट्टा, शेक, फिजिओथेरपी, सगळं करून झालं. वाकलो की गादी आणखी सरकेल या धास्तीने आता वाकतच नाही. सुतारकाम हा माझा जुना नाद. सहा महिन्यांपूर्वी एका रविवारी बरं वाटत होतं म्हणून सलग तीन तास रंधा मारला आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढले. तेव्हा कामाच्या बाकावर चादर टाकली, ती अजून तशीच आहे. बायको मला बूटसुद्धा घालून देते. परवा मुलगी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "बाबांना नको विचारायला, त्यांची कंबर दुखत असते." नातेवाईक म्हणतात, मनाचे खेळ आहेत. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "आता याच्यासोबत जगायला शिका." मला तो निकाल ऐकल्यासारखं झालं. दुखणं स्वीकारलं तर ते कायमचं घर करेल, अशी भीती वाटते. हार मानू, की आणखी एखादा डॉक्टर गाठू?

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातली अडीच पानं कमरेबद्दल आहेत, पण माझं मन रेंगाळलं ते दोनच ठिकाणी. एक म्हणजे बाकावरची ती चादर, आणि दुसरं तुमच्या मुलीचं वाक्य. कमरेने तुमच्याकडून बरंच काही हिरावून घेतलं आहे. पण काही गोष्टी तुम्ही स्वतःच, अगदी समजण्यासारख्या कारणांनी, 'बरा झालो की बघू' म्हणून बाजूला ठेवल्या आहेत. त्यांच्याबद्दल मला बोलायचंय. त्याआधी नातेवाइकांचं ते बोलणं घेऊ, कारण ते मनात सलत असताना माझं पुढचं काही तुमच्या गळी उतरणार नाही.

तुमचं दुखणं खरं आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. वेदनेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या नव्याने मांडली. वेदना हा शरीराचा आणि भावनेचा एकत्र अनुभव आहे, असं ती सांगते. माणूस जेव्हा 'दुखतंय' म्हणतो तेव्हा त्याच्या शब्दाचा मान राखला पाहिजे, हेही तिच्यासोबतच्या टिपणात आहे. एमआरआयमध्ये हाडं, गाद्या, नसा दिसतात. दुखणं त्यात दिसत नाही, ते तुम्हीच सांगायचं असतं. त्यामुळे रिपोर्टमध्ये फारसं काही नाही म्हणून दुखणं खोटं, हा हिशेबच चुकीचा आहे.

पण हाच हिशेब उलट्या बाजूने तुम्हीही मांडला आहे, तो जरा तपासून बघू. रिपोर्टमध्ये फुगवटा आहे, म्हणजे कंबर आतून खिळखिळी झाली आणि वाकलो तर आणखी बिघडेल, असं तुम्ही धरून चालला आहात. 2015 मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाठ किंवा कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3,000 हून जास्त माणसांचे स्कॅन पाहिले होते. पन्नाशीतल्या 100 पैकी साधारण 60 जणांच्या गादीला फुगवटा निघाला, आणि 80 जणांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. दुखत यातल्या कुणाचंच नव्हतं. तुमच्या दुखण्याशी त्या फुगवट्याचा काही संबंध नाही, असा याचा अर्थ मी काढत नाही, आणि तो ठरवणं माझं कामही नाही. पण तुमच्या वयाच्या असंख्य माणसांच्या कमरेत हेच आहे आणि ती माणसं वाकतात, उठतात, ओझी उचलतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, "मी वाकलो तर नुकसान होईल, की फक्त दुखेल?" चार वर्षांत हा प्रश्न तुम्ही कुणाला विचारल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. त्याच्या उत्तरावर पुढचं पुष्कळ अवलंबून आहे.

मग इतकं का दुखतं? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आपली मज्जासंस्थाही तशीच वागते. पहिल्या दुखापतीच्या वेळी तिने केलेली बोंबाबोंब योग्यच होती, त्यामुळेच तुम्ही कंबरेला विश्रांती दिलीत. पण तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळलेल्या दुखण्यात बऱ्याचदा असं होतं की मूळ जखम भरत आली तरी नसा, मज्जारज्जू आणि मेंदू यांचा हा सावधपणा उतरत नाही. साध्या हालचालीलाही ते धोका समजतात. 1965 मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी मांडलं की शरीराकडून येणारा संदेश मज्जारज्जूतल्या एका दारातून जातो, आणि ते दार किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. पुढे त्या मांडणीत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकला. भीती, झोप, एकटेपणा, आशा या सगळ्यांचा त्या दारावर हात असतो. नातेवाइकांना यातलं 'मन' तेवढं ऐकू येतं. मन दुखणं निर्माण करतं असं कुणीच म्हणत नाहीये. दुखण्याचा आवाज कमीजास्त करणाऱ्या अनेक हातांपैकी एक हात मनाचा आहे, एवढंच.

दुखण्याला आपण काय अर्थ लावतो यानेही फरक पडतो. दुसऱ्या महायुद्धात रणांगणावर जखमी झालेल्या सैनिकांना हेन्री बीचर नावाच्या भूलतज्ज्ञाने पाहिलं. मोठमोठ्या जखमा असूनही त्यांच्यातले बरेच जण वेदनाशामक औषध मागत नव्हते. बीचरला वाटलं, यांच्या लेखी ही जखम म्हणजे युद्धातून जिवंत सुटका आहे. 1946 मध्ये त्याने हे लिहिलं. आता तुमच्याकडे बघा. 'सोबत जगायला शिका' या तीन शब्दांचा अर्थ तुम्ही 'संपलं सगळं' असा लावलात आणि तेव्हापासून झोपही उडाली, असं तुम्हीच लिहिलं आहे. डॉक्टरांवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच की त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. जगायला शिका म्हणाले, पण कसं ते सांगायला कुणी थांबलं नाही.

आता तुमची भीती. स्वीकारलं तर कायमचं घर करेल. जणू दुखणं दारात उभं आहे आणि तुम्ही 'ये' म्हणायचीच वाट बघतंय. पण तुम्ही चार वर्षं त्याला 'नाही' म्हणत आहात. तेवढ्याने ते गेलेलं नाही, आणि 'नाही' म्हणता म्हणता बाकावर चादर पडली ती पडली. स्वीकार म्हणताना मला काय अभिप्रेत आहे ते सांगते. आज दुखतंय हे आजच्यापुरतं मान्य करायचं, त्याच्याशी झगडण्यात जाणारी ताकद थोडी सोडवून घ्यायची आणि ती आपल्याला प्रिय असलेल्या कामात घालायची. उपचार सोडायचे नाहीत, आशाही सोडायची नाही. फक्त आयुष्याला दुखण्याच्या रांगेत मागे उभं करायचं नाही. 'आधी बरा होईन, मग जगेन' हा क्रम बदलायचा.

यात दुःखालाही जागा द्या. तीन तास रंधा मारणारा, बॅग एका हाताने उचलणारा, मुलीला खांद्यावर घेणारा तो माणूस तुम्ही गमावला आहे, निदान सध्या तरी. कुणी गेल्यावर माणसं भेटायला येतात. आपल्यातलंच काही जातं तेव्हा कुणी येत नाही, उलट 'दिसतोस तर बरा' असं ऐकावं लागतं. एखाद्या रात्री वाईट वाटलं, रडू आलं तर येऊ द्या. माझ्याकडे येणारी बरीच माणसं हे रडू वर्षानुवर्षं अडवून ठेवतात आणि मग एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून घरच्यांवर तडकतात.

आता त्या रविवारकडे येऊ. मला तुमच्या पत्रातला सगळ्यात उपयोगी भाग तोच वाटतो.

बरं वाटलं, तीन तास काम केलं, चार दिवस झोपून काढले. यावरून तुम्ही 'सुतारकाम मला चालत नाही' असा निष्कर्ष काढलात. मला दिसतं ते असं की सराव सुटलेल्या शरीराला एकदम तीन तास चालले नाहीत. तीन तास आणि शून्य यांच्या मध्ये भरपूर जागा आहे, आणि तिथे तुम्ही अजून पाऊलच ठेवलेलं नाही. जुनं दुखणं असलेल्या जवळजवळ प्रत्येकाची हीच रीत असते. चांगला दिवस उगवला की राहिलेली सगळी कामं उरकायची, मग आडवं व्हायचं, आणि उठेपर्यंत ताकद आणखी थोडी गेलेली असते. घर सांभाळणाऱ्यांचं तर याहून कठीण, त्यांच्या कामाला रविवारही नसतो.

यातून बाहेर पडायचं तर कधी थांबायचं हे कंबरेला विचारू नका, घड्याळाला विचारा. विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन विद्यापीठात रुग्णांबरोबर काम करताना 1970च्या दशकात हे मांडलं. दुखायला लागल्यावर थांबलो तर विश्रांती ही दुखण्याचं बक्षीस होते, आणि दुखत नाही तोवर काम करत राहिलो तर मर्यादा कधी ओलांडली ते कळतच नाही. म्हणून काम आधी ठरवलेल्या मापाने करायचं. माप असं काढा. एक हलकं काम निवडून ते तीन वेगवेगळ्या दिवशी करून बघा आणि दुखणं स्पष्टपणे वाढायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. समजा 9, 12 आणि 9 आली, म्हणजे सरासरी 10. तुम्ही 8 पासून सुरू करा.

रंध्याने सुरुवात नको, त्यात वाकून जोर लावावा लागतो. पहिल्या आठवड्यात चादर काढा आणि पटाशीला धार लावा. धारेचा दगड कमरेच्या उंचीवर येईल असा ठेवा, त्यावर तेलाचे चार थेंब सोडा, पातं उतरत्या बाजूने टेकवून हळूहळू पुढेमागे फिरवा. मागून अंगठा अलगद फिरवल्यावर जी बारीकशी कोर लागते ती लागेपर्यंतचं हे काम आहे. ती कोर ओळखायला तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. टायमर लावा, आणि आठव्या मिनिटाला तो वाजला की थांबा, कोर आलेली असो नसो. दुखत नसलं तरी थांबा. ही शेवटची अट सगळ्यात जड जाते, कारण बरं वाटत असताना थांबणं जिवावर येतं. पण आज बरं वाटत असताना थांबलात तरच उद्या पुन्हा उभे राहाल. आठवडाभर 8 मिनिटं नीट जमली की पुढच्या आठवड्यात 9 किंवा 10. अंथरूण पाहून पाय पसरायचे, आणि अंथरूणही थोडं थोडं लांब करत न्यायचं.

सुरुवातीला थोडं जास्त दुखेल. न वापरलेले स्नायू कुरकुर करतातच, आणि ती कुरकुर दुसऱ्या दिवशी ओसरते. मधूनच एखादा वाईट आठवडाही येईल, कधी कारणाने, कधी काहीच कारण नसताना. तेव्हा मन लगेच म्हणेल, 'बघ, सगळं पाण्यात गेलं.' यासाठी एखाद्या चांगल्या दिवशी स्वतःला एक चिठ्ठी लिहून बाकावर ठेवा: मागच्या वेळी किती दिवसांनी कमी झालं, कशाने आराम पडला, कुणाला फोन करायचा, आणि काम बंद न करता निम्म्यावर आणायचं. वाईट दिवशी डोकं चालत नाही. त्या दिवशी विचार करायचं काम आधीच झालेलं असलं पाहिजे.

तुमचं दुखणं कमरेचं नसून गुडघ्याचं, मानेचं, डोकेदुखीचं असलं तरी मापाने काम करण्याची ही रीत चालते, हे इतर वाचकांसाठी सांगते. फक्त थकवा हाच मुख्य त्रास असलेल्या काही आजारांत दर आठवड्याला वाढवत नेणं अपाय करू शकतं. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

दुखण्याची वही ठेवायची असेल तर ती केवळ आकड्यांची नको. दिवसातून दहा वेळा '10 पैकी किती' मोजत बसलं की सगळं लक्ष तिथेच खिळतं. त्यापेक्षा दिवसातून एकदा, रात्री, दोन ओळी लिहा. एक दुखण्याची, एक आज काय केलं त्याची. दुखण्याला नेमका शब्द द्या. ठणका होता की कळ, चमक की सणक, आग होत होती, मुंग्या येत होत्या, रग लागली होती की नुसतं अवघडलं होतं? मेल्झॅकने रुग्णांचे असेच शब्द गोळा करून 1975 मध्ये वेदनेची प्रश्नावली तयार केली होती. आपल्या भाषेत तर या शब्दांची चांगली श्रीमंती आहे. पायात उतरणारी सणक आणि मुंग्या हे नसेकडे बोट दाखवू शकतात, नुसती रग बहुधा स्नायूंकडे. 'खूप दुखतं' यापेक्षा हे शब्द डॉक्टरांच्या जास्त कामाचे.

बायकोबद्दल बोलताना मला जपून बोलायचंय, कारण त्या जे करतात ते मायेपोटी करतात. पण घरच्यांनी प्रत्येक गोष्ट हातातून काढून घेतली की दुखणाऱ्या माणसाचं परावलंबन वाढतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यांना एकदा शांतपणे सांगा, "मी मागेन तेव्हा मदत कर, तोवर मला धडपडू दे." बूट खुर्चीत बसून, लांब दांड्याच्या शूहॉर्नने घालता येतात. दोन मिनिटांऐवजी पाच लागतील, लागू देत. दर तासाला 'कसं वाटतंय?' विचारण्याऐवजी दिवसातून एकदाच विचारायचं, असंही ठरवा. आणि त्यांनाही विचारा की ही चार वर्षं त्यांना कशी गेली. हे विचारायचं राहून गेलं असण्याची शक्यता आहे.

आणखी एखादा डॉक्टर गाठू का, याचं उत्तर तुम्ही कशासाठी जाता यावर आहे. पायातली ताकद कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप येत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, तरीही थांबू नका. यातलं काही नसेल आणि तोच एमआरआय तिसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवून वेगळं उत्तर मिळेल अशी आशा असेल, तर मी तुम्हाला थोडं अडवेन. दर वेळी आशा लावायची आणि ती मोडायची, याचाही शीण असतो. त्याऐवजी पेन क्लिनिक शोधा. तिथे वेदनातज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ मिळून एकाच रुग्णाचा विचार करतात. ही पद्धत रुजवणाऱ्यांत जॉन बोनिका हे मोठं नाव. हा भूलतज्ज्ञ डॉक्टर होण्यासाठी शिकत असताना खर्च भागवायला कुस्त्या खेळायचा. त्या कुस्त्यांनी सांधे कायमचे दुखावले, आणि ते दुखणं घेऊनच त्याने वेदनेच्या उपचारासाठी अनेक दशकं काम केलं.

तिथे नैराश्यावरची एखादी गोळी कमी मात्रेत सुचवली तर गैरसमज करून घेऊ नका. त्यातल्या काही गोळ्या नसांमधून जाणाऱ्या वेदनेच्या संदेशावरही काम करतात. सध्याच्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने रोज वर्षानुवर्षं घेऊ नका, पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना त्रास होतो. अचानक बंदही करू नका, विचारून कमी करा. मानसशास्त्रज्ञाकडून काय मिळेल, तेही खरं ते सांगते. अभ्यासांत दिसणारा सरासरी फायदा मोठा नसतो, दुखणं थोडं कमी होतं, हालचाल आणि मनःस्थिती थोडी सुधारते. पण हे 'थोडं' कुणासाठी पुन्हा कामावर जाणं असतं, तर कुणासाठी रात्रीची सलग पाच तासांची झोप.

झोपेबद्दल डॉक्टरांशी वेगळं बोला. रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशीचं दुखणं वाढतं, हे तुम्ही स्वतः लिहिलंच आहे. आणि पत्रात एका ओळीत 'कशासाठी जगायचं कळत नाही' असं आलं आहे. ती ओळ मी सोडून दिलेली नाही. तो विचार पुन्हा आला, मरण बरं असं वाटलं, तर त्याच दिवशी बायकोला आणि डॉक्टरांना सांगा, सकाळची वाट बघू नका.

राहिली मुलगी. ती फोनवर जे बोलली ते तुम्हाला जपायला बोलली. तुम्हाला मात्र त्यात आपण घरातून वजा झाल्यासारखं ऐकू आलं. तिला सांगा, "मला विचारत जा. जमणार नसेल तर मी सांगेन." आणि तिच्या विचारण्याची वाट बघू नका. या शनिवारी चादर काढलीत की तिला हाक मारा, टायमर तिच्या हातात द्या. आठच मिनिटांचं काम आहे म्हणावं.